आजचं चिंतन : स्वकर्माची फुलं आणि बाखचं व्हायोलिन



आजचं वाचन आहे श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६. स्वकर्मानं ईश्वराची पूजा करायला सांगणारा हा श्लोक. ज्ञानेश्वरीत माउली याच ठिकाणी स्वकर्माला पूजेच्या फुलांची उपमा देतात. रोज वाट्याला येणारं काम हेच देवाला वाहायचं फूल.

वाचताना हे फार गोड वाटतं. पण सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला की प्रश्न पडतोच, या एक्सेल शीटमध्ये फूल कुठलं? आणि नोकरीचं एक वेळ सोडा, छंदाचं काय? मी रोज पहाटे पाऊण तास व्हायोलिनचा रियाज करते. तोही पाश्चात्त्य पद्धतीचा. सध्या वाजवतेय ते तर चक्क नाच आहेत, तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले. नारायणगावच्या घरी एकदा आजीनं सहज विचारलं, की हाच पाऊण तास हरिपाठाला दिला असता तर? तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण प्रश्न टाळण्यासारखाही नव्हता. दिवसाचे तास मोजकेच असतात आणि एका गोष्टीला दिलेला वेळ दुसरीकडून काढावाच लागतो.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना, ज्याचे नाच मी वाजवते त्या माणसाचं चरित्र वाचत गेले. आज तेच तुम्हाला सांगते. त्याचं नाव योहान सेबास्टियन बाख. जर्मन, ख्रिस्ती, लुथरपंथीय. गीता त्यानं कधी पाहिली नाही. पण आजचा श्लोक जगलेला माणूस कसा असतो, ते मला त्याच्यात दिसलं.

चंद्रप्रकाशातली वही

बाखचा जन्म १६८५ सालचा, जर्मनीतल्या आयझेनाख गावातला. घराणं पिढीजात वादकांचं. वडील गावचे नगरवादक. आपल्याकडे गावकीच्या मानकऱ्यांत वाजंत्री असतात ना, तसंच काहीसं. सण-समारंभ, लग्न, चर्च, सगळीकडे वाजवायचं. व्हायोलिन त्याच्या हातात आलं ते याच घरात.

नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि दहा पूर्ण व्हायच्या आत वडीलही गेले. थोरल्या भावानं त्याला ओर्ड्रुफ गावी आपल्या घरी नेलं. भाऊ ऑर्गनवादक होता. त्याच्याकडे मोठमोठ्या संगीतकारांच्या रचनांची एक वही होती आणि ती जाळीच्या कपाटात बंद असायची. धाकट्याला तिला हात लावायची परवानगी नव्हती. बाख गेल्यानंतर त्याच्या मुलानं आणि शिष्यानं जो मृत्युलेख लिहिला, त्यात ही हकिगत आहे. पोरगं रात्री सगळे झोपल्यावर जाळीतून हात घालून ती वही गुंडाळून बाहेर काढायचं आणि चंद्राच्या उजेडात उतरवून घ्यायचं. सहा महिने हे चाललं. शेवटी भावाच्या लक्षात आलं आणि त्यानं ती नक्कल काढून घेतली.

पंधराव्या वर्षी तो शिष्यवृत्तीवर ल्यूनेबुर्गच्या शाळेत गेला. अठराव्या वर्षी आर्नस्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून लागला. विशीत त्यानं काय केलं बघा. दूर ल्यूबेक शहरात बुक्स्टेहूड नावाचा वयोवृद्ध ऑर्गनवादक होता. त्याला ऐकायचं म्हणून बाख १७०५ मध्ये जवळजवळ चारशे किलोमीटर पायी गेला. आळंदी ते पंढरपूर आपण साधारण अडीचशे किलोमीटर चालतो, म्हणजे अंदाज येईल. रजा चार आठवड्यांची होती, परतला जवळपास चार महिन्यांनी. चर्चच्या मंडळानं त्याची चांगली खरडपट्टी काढली. एक तर इतका उशीर, आणि वर परत आल्यापासून प्रार्थनागीतांच्या साथीला असे काही विचित्र सूर लावतो की गाणारे गोंधळतात, अशी तक्रार.

थोडक्यात, हा कोणी शांत, सोशिक संत नव्हता. तापट होता, हट्टी होता. १७१७ मध्ये वायमारच्या ड्यूककडची नोकरी सोडायची म्हणून इतका अडून बसला की ड्यूकनं त्याला जवळजवळ चार आठवडे कोठडीत टाकलं. मगच सोडलं.

देवळाचं काम नसलेली नोकरी

कोठडीतून सुटून तो क्योथेनला गेला. तिथला राजपुत्र लेओपोल्ड स्वतः व्हायोलिन वाजवायचा आणि त्याला संगीताचं वेड होतं. पण हे दरबार कॅल्विनपंथी. त्यांच्या चर्चमध्ये साध्या स्तोत्रांपलीकडे संगीताला जागा नव्हती. म्हणजे ज्या माणसाचं तोवरचं बहुतेक आयुष्य चर्चच्या ऑर्गनपाशी गेलं, त्याला आता काम मिळालं राजवाड्यातल्या दिवाणखान्याचं. वाद्यवृंदाचं संगीत, मैफलीचं संगीत, नाचाचं संगीत.

आपल्यातल्या किती जणांची हीच अवस्था आहे! मन देवळात आणि नोकरी हिंजवडीत. अशा वेळी माणूस आयुष्याचे दोन कप्पे करतो. हे देवाचं, हे पोटाचं.

बाखनं काय केलं, याचा एक छोटासा पुरावा शिल्लक आहे. १७२० च्या जानेवारीत त्यानं आपल्या थोरल्या मुलाला, नऊ वर्षांच्या विल्हेल्म फ्रीडेमानला, शिकण्यासाठी एक वही करून दिली. त्यात अगदी सुरुवातीला बोटं कशी टाकायची याचा एक धडा आहे. सुरांच्या डोक्यावर बोटांचे आकडे लिहिलेत, बास. आणि त्या धड्याच्या माथ्यावर तीन अक्षरं आहेत, येशूच्या नावानं आरंभ करतो अशा अर्थाची. आपण पत्राच्या, चोपडीच्या, परीक्षेच्या पेपरच्या वर बारीक श्री काढतो ना, अगदी तसंच. चर्चच्या रचनांवर तो आरंभी देवाचं स्मरण आणि शेवटी सगळं श्रेय देवाला अशी अक्षरं लिहायचाच. पण ही वही तर घरातल्या पोराच्या शिकवणीची. पुढच्या पानांवर छोटे नाचही आहेत. त्याचा आरंभही नावानंच.

१७२०

त्याच वर्षी मे महिन्यात राजपुत्र कार्ल्सबादच्या औषधी झऱ्यांवर हवापालटाला गेला. सोबत बाखलाही नेलं. दोनेक महिन्यांनी बाख घरी परतला तेव्हा त्याची बायको मारिया बार्बारा या जगात नव्हती. जाताना ती धडधाकट होती. येईपर्यंत तिचं दफनही होऊन गेलं होतं, ७ जुलैला. दारात पाऊल टाकल्यावर त्याला हे कळलं. घरात चार लेकरं. आधीची तीन तान्हेपणीच गेलेली.

या दुःखाबद्दल त्यानं लिहिलेला एकही शब्द आज उपलब्ध नाही. मात्र एक हस्तलिखित आहे. एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना. मुखपृष्ठावर साल १७२०, आणि साथीला कोणतंही वाद्य नाही अशी स्पष्ट नोंद. त्या पानांचं अक्षर बघण्यासारखं आहे. सुरांना जोडणाऱ्या रेघा लाटांसारख्या वळत जातात. वर त्यानं इटालियनमध्ये लिहिलं, सेई सोलो. सहा एकल रचना असं त्याला म्हणायचं आहे, पण इटालियन व्याकरणानं या शब्दांचा अर्थ होतो, तू एकटा आहेस. काही वादक तो अर्थही मनात ठेवून वाजवतात.

पानावर महिना नाही, त्यामुळे हे संगीत बायकोच्या आठवणीत लिहिलं असं मी म्हणणार नाही. एवढंच दिसतं, की ज्या वर्षी घर मोडलं त्याच वर्षी या माणसानं वही आखली आणि सहा रचना स्वच्छ अक्षरात उतरवल्या. त्यातल्या तीन रचनांना सोनाटा म्हणतात आणि तीनांना पार्टिटा. पार्टिटा म्हणजे नाचांची माळ.

नाच कुठून आले?

आता थोडं या नाचांबद्दल, कारण खरी गंमत इथे आहे.

माळेतले मुख्य नाच चार. आलमांद म्हणजे जर्मन चालीचा, चार मात्रांचा, संथ आणि भारदस्त. कूरांत म्हणजे धावता. साराबांद तीन मात्रांचा, अतिशय धिमा. आणि शेवटी जीग, ब्रिटिश बेटांवरच्या जिगवरून आलेला, उड्या मारणारा. मध्ये कधी गाव्होत, मिनुएट, बूरे असे फ्रेंच दरबारातले नाच घातलेले असतात.

यातल्या साराबांदचं कूळ शोधायला गेलं तर थेट मध्य अमेरिकेत, स्पॅनिश वसाहतींत पोचतो. तिथून तो जहाजानं स्पेनला आला. तेव्हा तो वेगवान होता आणि इतका उच्छृंखल मानला जायचा की १५८३ मध्ये स्पेनच्या राजानं त्यावर बंदी घातली. म्हणणाऱ्याला शिक्षा, नाचणाऱ्याला शिक्षा. बंदीनं काय होणार? नाच फ्रान्समध्ये पोचला, तिथे हळूहळू त्याची चाल मंद झाली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी बाखच्या हातात आला तेव्हा तो प्रार्थनेइतका गंभीर झाला होता. आमच्या जुन्नरच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी माल चढायचा-उतरायचा. मालाबरोबर माणसं येतात, आणि माणसांबरोबर त्यांची गाणी अन् नाच.

हे वाचताना मला नारायणगाव आठवणं साहजिकच होतं. गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्रातल्या जत्रांच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. ज्या कलेला शहाण्यासुरत्या लोकांनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, त्या तमाशाचा आरंभ कशानं होतो? गणानं. आधी गणपतीला वंदन, मग गवळण, बतावणी, मग वग. रात्रभर कितीही रंगेल सवाल-जवाब होवोत, पहिली थाप गणाचीच. फडातल्या बायका-पुरुषांना कोणी स्वकर्माचं तत्त्वज्ञान शिकवलं नव्हतं. पण घुंगरू वाजण्याआधी डोकं टेकवायचं हे त्यांच्या हाडीमाशी आहे. बाखनं पोराच्या वहीवर काढलेली तीन अक्षरं मला त्या गणासारखी वाटतात.

हे नाच शिकायचे कसे?

आपल्याकडे हे संगीत नवीन नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना सूरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईचे चित्रपट-वाद्यवृंद सांभाळले. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आज पुण्यातही शिकवणारे आहेत.

आपल्या पद्धतीत व्हायोलिनवादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचं टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवतात. पाय मोकळे असतात, आणि नाच शिकताना याचा फार उपयोग होतो. कारण पहिला धडा बोटांचा नाही, पायांचा आहे. व्हायोलिन खाली ठेवायचं आणि खोलीत चालायचं. आलमांद सुरू होतो समेच्या आधी, एका छोट्याशा सुरानं, जणू पाऊल उचललंय आणि अजून टेकलेलं नाही. साराबांदमध्ये पहिली मात्रा सरळ येते आणि वजन दुसरीवर रेंगाळतं. हे कागदावरून कळत नाही, चाललं की कळतं. दिंडीत नवा माणूस पावली शिकतो तेव्हा कोणी त्याला मात्रा मोजायला सांगत नाही. पुढच्याच्या पायांकडे बघ, एवढंच सांगतात.

मग गज. खाली ओढलेल्या गजाला आपोआप वजन असतं, वर ढकललेला हलका असतो. म्हणून जोराची मात्रा खालच्या ओढीवर येईल असं बसवायचं. बाखच्या काळचा गज आखूड होता, त्याची काठी बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकलेली असायची. सूर लांबवण्यापेक्षा उच्चारण्याकडे त्याचा ओढा. म्हणून आजच्या गजानंसुद्धा प्रत्येक सूर शब्दासारखा बोलायचा आणि जरा सोडून द्यायचा.

नंतर येते खरी परीक्षा. व्हायोलिनला तारा चार आणि गज एकावेळी नीट धरू शकतो दोन. साथीला कोणी नाही. तरी बाख त्यात तीन-चार आवाज लिहितो. कधी तारांवरून गज पटकन फिरवून एकत्र सूर काढायचे, आणि बऱ्याचदा तर तेही नाही. एकच ओळ खाली जाते, वर उडी मारते, परत खाली येते. खालचा सूर थांबलेला असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो चालूच राहतो. तंबोरा बंद केल्यावरही षड्ज कानात राहतो तसा. वाजवणाऱ्यानं तो न वाजणारा सूर मनात धरला नाही, तर सगळं नुसतं बोटांचं काम वाटतं. नामस्मरणाबद्दल आपण हेच तर ऐकत आलोय, की तोंडानं नाम थांबलं तरी आत चालू राहावं. मला ते किती जमतं ते सोडा. पण न वाजणारा सूर धरून ठेवणं म्हणजे काय, हे मला साराबांदनं शिकवलं.

बहुतेक नाचांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. पहिला भाग घरच्या सुरापासून लांब जातो, बहुधा पंचमाकडे. दुसरा भाग घरी परत आणतो. पुनरावृत्तीचा कंटाळा करू नका. दुसऱ्या वेळी तोच रस्ता असतो, पण आपल्याला घर कुठे आहे ते ठाऊक झालेलं असतं.

शरीराची गोष्टही सांगायला हवी. बाखच्या या सहाही रचना तरुणपणीच ध्वनिमुद्रित करणारा येहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आला, तेव्हा मुंबईत त्याची गाठ पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी पडली. शरीराच्या ताणानं तो त्रासला होता. योगानं त्याला विश्रांती मिळाली आणि तो अय्यंगारांना गुरू मानू लागला. तेव्हा खांदे सैल, श्वास चालू, जबडा घट्ट नाही. रियाजाआधी दोन मिनिटं यासाठी द्या.

शाकोन

दुसऱ्या पार्टिटात चार नाच संपल्यावर बाख पाचवा ठेवतो. शाकोन. हाही मुळात स्पॅनिश वसाहतींतून आलेला, एकेकाळी बदनाम असलेला नाच. आधीचे चारही नाच मिळून जेवढा वेळ घेतात, जवळपास तेवढा हा एकटा घेतो, साधारण चौदा-पंधरा मिनिटं. आत आहे काय? चार आवर्तनांचा एक पाया. तोच पुन्हा पुन्हा येतो, साठाहून जास्त वेळा, आणि दर वेळी त्यावर नवं काही उभं राहतं. सुरुवात जड, कोमल गंधारी. मध्यावर अचानक गंधार शुद्ध होतो आणि अंधाऱ्या गाभाऱ्यात कोणी समई लावावी तसा उजेड पडतो. पण तो टिकत नाही. शेवटी पुन्हा पहिल्या जागी.

मला अजून हे वाजवता येत नाही, ऐकते फक्त. पण पाया तोच ठेवून साठ वेळा उभं राहायचं, हे ऐकताना रोजच्या नेमाची आठवण होते. तेच आसन, तीच माळ, तोच हरिपाठ. दिवस मात्र प्रत्येक वेगळा.

समासातल्या नोंदी

१७२१ च्या डिसेंबरात बाखनं पुन्हा लग्न केलं. दुसरी पत्नी आना माग्डालेना, उत्तम गायिका. व्हायोलिनच्या या रचनांची तिनं हातानं केलेली प्रतही आज आहे. १७२३ मध्ये तो लाइपझिगच्या थॉमस चर्चचा संगीतप्रमुख झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. दोन्ही बायकांपासून मिळून वीस मुलं झाली, त्यातली दहाच मोठी झाली. शाळा, पोरं, नगरपालिकेशी भांडणं, आणि दर रविवारी चर्चसाठी नवी रचना. अशा सुमारे दोनशे आज शिल्लक आहेत.

रोज ग्रंथ वाचणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाची गोष्ट आता येते. बाखकडे बायबलची तीन खंडांची भाष्यासह प्रत होती, कालोव नावाच्या पंडिताची. त्यावर त्यानं १७३३ साल घालून सही केली आहे. १९३४ मध्ये ती अमेरिकेत मिशिगनमधल्या एका घरात सापडली. आज ती सेंट लुइसच्या धर्मविद्यालयात आहे. तिच्या समासात बाखच्या हाताच्या नोंदी आहेत, खुणा आहेत, छपाईच्या चुकाही दुरुस्त केल्या आहेत. म्हणजे हा माणूस हातात लेखणी घेऊन वाचायचा.

या नोंदी फार नाहीत, पण बोलक्या आहेत. मंदिरात गायक-वादक एकत्र झाले तेव्हा ते मंदिर देवाच्या तेजानं भरलं, असा प्रसंग आहे. तिथे बाखनं समासात आशय असा टिपला, की भक्तीनं केलेल्या संगीताजवळ देव कृपेनं हजर असतो. दुसरी नोंद निर्गम या ग्रंथातली. समुद्र ओलांडून सुटका झाल्यावर मिर्याम हातात डफ घेते आणि सगळ्या बायका तिच्यामागे नाचत निघतात. त्या नाचाच्या ओळीशी बाख थांबला आणि त्यानं लिहिलं, की देवाच्या गौरवासाठी दोन गायकवृंदांनी सादर करण्याजोगा हा पहिला पूर्वरंग.

नाचापाशी थांबून त्याला पूजा दिसली! त्याच्या संगीतातही तेच दिसतं. तिसऱ्या पार्टिटाचा पहिला भाग, एकट्या व्हायोलिनचा, त्यानं १७३१ मध्ये उचलला आणि देवाचे आभार मानणाऱ्या एका चर्चरचनेच्या आरंभी ऑर्गन आणि तुताऱ्यांसह वापरला. सूर तेच. काल दिवाणखान्यात होते, आज देवळात. आणि त्याच्या मॅथ्यू पॅशनमध्ये, येशूला कबरीत ठेवल्यावर सगळे रडत बसतात तो शेवटचा समूहगानाचा भाग घ्या. त्याची चाल साराबांदची आहे. स्पेनच्या राजानं बंदी घातलेला नाच, आणि त्यावर भक्त रडतात.

आजीच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे तयार झालं. हरिपाठाला पर्याय म्हणून व्हायोलिन, असं मी कधी म्हणणार नाही. बाखनंही संगीत केलं म्हणून ग्रंथ मिटवला नाही. उलट ग्रंथ रोज उघडला म्हणून त्याच्या नाचांना ते वजन आलं, असं मला वाटतं. म्हणून आता मी आधी हरिपाठ म्हणते आणि मग व्हायोलिनची पेटी उघडते. उठायची वेळ पाऊण तास अलीकडे आणली. झोपेनं तक्रार केली, आजीनं नाही.

शेवट आणि पुढे

उतारवयात बाखची दृष्टी गेली. १७५० मध्ये एका इंग्रज डॉक्टरनं डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, त्यानं तब्येत आणखी ढासळली. २८ जुलै १७५० ला तो गेला. घरात धर्मग्रंथांचे सुमारे ऐंशी खंड निघाले. थडग्यावर नाव नव्हतं. व्हायोलिनच्या सहा रचना त्याच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत. पूर्ण संच छापून आला १८०२ मध्ये, तो जाऊन बावन्न वर्षं झाल्यावर. ज्या कामाचं कौतुक ऐकायला आपण नसू, ते काम इतक्या सुंदर अक्षरात का लिहावं? गीतेतल्या फळाच्या अपेक्षेबद्दलच्या शिकवणीशी हे ताडून बघा.

आणि आता आमच्या तालुक्याची एक गंमत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आकाशातून येणारे रेडिओतरंग ऐकत बसलेल्या. शेतातून त्या पांढऱ्या थाळ्या दिसल्या की मला व्हॉयेजर आठवतं. १९७७ मध्ये ही दोन यानं निघाली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या आहेत, पृथ्वीचे आवाज भरलेल्या. त्यात बाखच्या तिसऱ्या पार्टिटातला गाव्होत आहे, आर्थर ग्रुमियोनं एकट्या व्हायोलिनवर वाजवलेला. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या. एक नाच आणि एक भैरवी, दोन्ही आता दूर अंतराळात शेजारी शेजारी चालली आहेत.

आजचा छोटासा नेम

एक. आज जे काम तुम्हाला सर्वांत कोरडं वाटतं, त्याच्या पहिल्या ओळीआधी मनात नाव घ्या. मेल असो, कोड असो, भाजी चिरणं असो. कोणाला दिसायची गरज नाही.

दोन. संध्याकाळी पंधरा मिनिटं काढा. आधी तिसऱ्या पार्टिटातला गाव्होत ऐका, तीनच मिनिटांचा आहे, मन हलकं होईल. मग दुसऱ्या पार्टिटातला साराबांद. ऐकताना दुसऱ्या मात्रेवर लक्ष ठेवा. शाकोन रविवारसाठी ठेवा, हेडफोन लावून, मोबाइल बाजूला.

तीन. वाचताना हातात पेन्सिल असू द्या. ज्ञानेश्वरीच्या तुमच्या प्रतीत समासात दोन शब्द लिहिलेत तर माउली रागावणार नाहीत.

उद्याचं वाचन : अध्याय १८, श्लोक ४७.

राम कृष्ण हरी!